गाळणं : एक शब्द, तीन गोष्टी

उन्हाळा लागला की आपल्या जळगाव-धुळ्याकडे अंगणात खाटा पडतात आणि कुरडयांचा चीक निघतो. गहू तीन दिवस भिजवायचा, वाटायचा, फडक्यातून गाळायचा. चोथा वर राहतो, चीक खाली उतरतो. बिबड्यांच्या ज्वारीचं मात्र वेगळं. ती दळल्यावर चाळायची, म्हणजे पीठ एकीकडे, भरडा एकीकडे. कुरडईचं पीठ कुणी चाळत नाही आणि बिबड्यांची ज्वारी कुणी गाळत नाही. पातळ असेल तर गाळणं, कोरडं असेल तर चाळणं, सुपात घेतलं तर पाखडणं, खळ्यावर वाऱ्यावर धरलं तर उफणणं, हाताने खडे काढले तर निवडणं आणि तुरटी फिरवून ठेवलं तर निवळणं. शहरातली माणसं या सगळ्याला एकच ‘फिल्टर’ म्हणतात. म्हणोत बापडी.

आज आम्ही बोलणार आहोत त्यातल्या एकाच शब्दावर, गाळणं. या एका शब्दात बाईच्या इतिहासाच्या तीन गोष्टी सापडतात.

पहिली पाण्याची. आपल्या आजीने पाणी भरताना हंड्याच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधलेलं आपल्यापैकी कित्येकींनी पाहिलं असेल. त्या फडक्याची खरी किंमत नारूने दाखवून दिली. तरुण मुलींना आता नारू माहीतच नाही, म्हणून सांगतो. पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारा एक किडा असतो. त्याच्या पोटात नारूचं पिल्लू असायचं. ते पाणी पिणाऱ्याच्या पायातून साधारण वर्षभराने हातभर लांब दोऱ्यासारखा जंत बाहेर पडायचा. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. ओढताना तुटला तर पाय सुजायचा, माणूस ऐन पेरणीत खाटेवर. असा पाय घेऊन कुणी पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की पिल्लं पुन्हा पाण्यात.

यावर ना लस होती ना औषध. 1983-84 मध्ये देशाने नारू हटवायचं ठरवलं, तेव्हा महाराष्ट्रासह सात राज्यांत तो होता. पायऱ्यांच्या विहिरी बदलल्या, हातपंप बसवले, पाण्यात औषध टाकलं. आणि घरोघरी सांगितलं, पाणी दुहेरी कापडातून गाळून प्या. तो किडा कापडावरच अडकतो. शेवटचा रोगी 1996 मध्ये राजस्थानात सापडला आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं मान्य केलं. देवीनंतर आपल्या देशातून हटलेला हा दुसरा रोग. पण फडकं रोज धुऊन बांधत कोण होतं? त्या कामाची हजेरी कुठल्या वहीत लागली नाही.

दुसरी गोष्ट दारूची. दारूही गाळलीच जाते. आदिवासी घरांत देवकार्याला मोहाची दारू गाळायची रीत जुनी आहे, तिच्याबद्दल आम्ही बोलत नाही. धंद्याच्या भट्टीची गोष्ट निराळी. मजुरी संध्याकाळी तिथे जाते आणि घरी येतो तो मार.

शहादा तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार जिल्हा झाला तो 1 जुलै 1998 ला. तिथे 1972 च्या दुष्काळाच्या सुमारास भिल्ल शेतमजूर गेलेल्या जमिनीसाठी आणि मजुरीसाठी उभे राहिले. अंबरसिंग सुरतवंती हे त्यांचे पुढारी, श्रमिक संघटना त्यांची. मोर्चात बाया पुढे असायच्या. मग याच बायांनी आपला प्रश्न काढला. गावोगावच्या बाया एकत्र जमून भट्ट्यांवर गेल्या आणि दारूची मडकी फोडली. बायकोला मारणाऱ्यांना गावासमोर उभं करून जाब विचारला. जमिनीचं आधी होऊ द्या, घरातलं मग बघू, असं म्हणत त्या थांबल्या नाहीत. आज दारूबंदीसाठी गटाच्या बाया ग्रामसभेत हात वर करतात, तेव्हा त्या मडक्यांची आठवण असावी असं आम्हाला वाटतं. शाळेच्या पुस्तकात आम्हाला तरी ही गोष्ट कधी भेटली नाही.

इथे तिसरी गोष्ट येते, कारण गाळणं म्हणजे सोडून देणंही. परीक्षेत ‘गाळलेल्या जागा भरा’ येतं ना, तेच.

1951-52 ला देशाची पहिली निवडणूक झाली. प्रत्येक सज्ञान बाईला मत होतं. याद्या करणारे दारात गेले, तर कित्येक बायांनी आपलं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी असं चालणार नाही म्हटलं. नाव सांगायला मुदत दिली, काही ठिकाणी ती वाढवलीही. तरी साधारण 8 कोटी बायांपैकी 28 लाख यादीतून गाळल्या गेल्या. त्यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या, आपल्या सातपुड्यापलीकडच्या मध्य भारत राज्यातल्याही. आपल्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायला लाज वाटते म्हणून उखाणे आले. तिकडे स्वतःचंच नाव अडलं. आयुक्तांचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. मत ज्याच्या त्याच्या नावाचं असतं. पण 28 लाख म्हणजे किती बाया, ते डोळ्यांपुढे आणून बघा.

त्याच हिवाळ्यात, 3 डिसेंबर 1951 ला, जळगावात बहिणाबाई चौधरी वारल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि एका नातलगाने गाणी कागदावर उतरवून ठेवली नसती, तर 1952 चं ते पुस्तक निघालं नसतं आणि असोद्याची ही लेकही गळाली असती.

आता 1 मे 2024 पासून जन्मलेल्या लेकराच्या नावापुढे आईचं नाव लावणं महाराष्ट्र सरकारने सक्तीचं केलं आहे. आधी लेकराचं, मग आईचं, मग बापाचं. हे वाचलं तेव्हा गटाच्या बैठकीत आम्ही एकमेकींना विचारलं, तुझ्या आजीचं माहेरचं नाव काय गं? लग्नात बदललेलं नको, आईबापाने ठेवलेलं. निम्म्याजणी थांबल्या. एक म्हणाली, ‘आम्ही तर माय म्हणायचो.’ आता पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येकीने घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून यायचं ठरलं आहे. बचतीच्या वहीची शेवटची चार पानं त्यासाठी कोरी ठेवली आहेत.