मोजा म्हणजे एक

मराठीत कुणी 'मोजा' म्हटले की आपण मोजू लागतो. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत 'मोजा' म्हणजे एक. 'ज'चा उच्चार थोडा निराळा, एवढेच. १९७१ साली अमेरिकेत निघालेल्या मुलांच्या एका चित्रपुस्तकाचे नावच आहे 'मोजा मीन्स वन'. एक ते दहा आकडे आणि प्रत्येक आकड्याबरोबर पूर्व आफ्रिकेतले एक चित्र. शब्द म्युरिएल फीलिंग्ज यांचे, चित्रे त्यांचे पती टॉम यांची.

असे पुस्तक का काढावे लागले? नॅन्सी लॅरिक यांनी १९६५ साली एक हिशेब मांडला. अमेरिकेत तीन वर्षांत निघालेल्या मुलांच्या ५,२०६ पुस्तकांपैकी अवघ्या ३४९ पुस्तकांत काळा माणूस दिसत होता. शाळेत काळी मुले होती, पुस्तकात नव्हती. टॉम हे ब्रुकलिनचे. १९६४ साली ते घानाला गेले आणि तिथल्या सरकारी प्रकाशनासाठी दोन वर्षे चित्रे काढत राहिले. म्युरिएल युगांडात शिकवीत होत्या. ज्यांचे पूर्वज साखळदंडात नेले गेले, त्यांनी स्वतःच्या पायांनी परत जाऊन ती भूमी पाहिली होती. १९७२ साली या पुस्तकाला कॅल्डेकॉट सन्मान मिळाला.

मला त्यातले काही आकडे ओळखीचे वाटले. सहा, सात आणि नऊ यांना स्वाहिलीत सिता, साबा, तिसा म्हणतात. हे मूळचे अरबी. लहानपणी मशिदीच्या ओट्यावर अलिफ-बे गिरवताना ते कानावरून गेले होते. बाकीचे सात आकडे अस्सल आफ्रिकी. गलबतांबरोबर माल गेला, तसे शब्दही गेले. म्हणून तिथेही दुकानाला 'डुका', पुस्तकाला 'किताबू' आणि जगाला 'दुनिया'च म्हणतात. आमच्या लहानपणी चित्रकथांतून भेटलेली आफ्रिका मात्र नुसती ढोल-भाल्यांची होती.

तरी एक शंका राहते. १९७६ साली 'अशांती टू झुलू' आले. २६ अक्षरे, २६ लोकसमूह, प्रत्येकाची एक चालरीत. चित्रे इतकी देखणी, की १९७७चे कॅल्डेकॉट पदक त्यांना मिळाले. पण एका समाजाला एकच पान दिले, की वाचणाऱ्या मुलाला वाटते, हा समाज एवढाच! हे मला अनुभवाने ठाऊक आहे. आमच्या शाळेतल्या वाचनात मुसलमान भेटायचा तो ईदच्या धड्यात, शिरखुर्म्याची वाटी घेऊन. वर्षभर नांगरामागे चालणारे माझे अब्बा कुठल्याच धड्यात नव्हते.

नायजेरियाच्या इफेओमा ओन्येफुलू यांनी हातात कॅमेरा घेतला आणि आपल्याच माणसांची छायाचित्रे काढली. त्यांचे 'ए इज फॉर आफ्रिका' १९९३ साली आले. घरचे माणूस घरच्यांना दाखवते, तेव्हा ती माणसे नमुना राहत नाहीत, शेजारी होतात.

मुलांच्या हाती अशी पुस्तके जरूर द्या. फक्त एकाच पुस्तकावर थांबू नका. 'मोजा' म्हणजे एक. पण मराठीत त्याचा अर्थ, पुढे मोजत राहा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)