एका कोळ्याचं तीनदा बारसं

टोमॅटोचं झाड कधी कधी बुडापासून वर वाळत जातं. आधी जमिनीलगतचं खोड तांबूस, तेलकट दिसू लागतं. मग खालची पानं मागून चकाकतात, कडा मुडपतात आणि पानं सुकून लोंबतात. पानांची सावली गेली की फळांवर उन्हाचे चट्टे उठतात. शेतकरी म्हणतो करपा, दुकानदारही मान डोलावून बुरशीनाशकाचा पुडा काढतो. कृषी विद्यालयात कीटकशास्त्र शिकवायचो तेव्हा मी मुलांना आधी असल्या झाडाचं खोड भिंगाखाली धरायला लावायचो. एरवी जो दिसतच नाही, तो तिथे शेकड्यांनी सापडतो. हा पिवळसर, गाजरासारखा निमुळता कोळी जेमतेम 0.15 ते 0.2 मिलिमीटर लांब असतो. कोळ्यांना सहसा आठ पाय असतात, याला चारच.

याची पहिली शास्त्रीय नोंद ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडची. तिथल्या सरकारी नोकरीत असलेल्या हेन्री ट्रायन यांनी 1917 साली याला नाव दिलं. ट्रायन यांच्याकडे किडी आणि पिकांचे रोग अशी दोन्ही खाती होती. मला वाटतं, तेच कामी आलं. रोगाचा माणूस निराळा आणि किडीचा निराळा असता, तर हे वाळलेलं झाड या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिलं असतं. आपल्याकडे अजून फिरतं.

हेच ट्रायन त्याआधी निवडुंगाच्या मागे आपल्या देशातही येऊन गेले होते. क्वीन्सलँडची रानं तेव्हा निवडुंगाने गिळली होती. त्याचे नैसर्गिक शत्रू धुंडाळायला सरकारने 1912 मध्ये ट्रायन आणि हार्वे जॉन्स्टन या दोघांना जगभ्रमणाला धाडलं. सिलोन आणि हिंदुस्थान त्यांच्या वाटेत होते. उपकारक किडा शोधत हिंडलेल्या माणसाच्या नावावर शेवटी एक उपद्रवी कोळी लागला!

पण बारसं तेवढ्यावर थांबलं नाही. 1937 साली इंग्लंडच्या मॅसी यांनी त्याचं पुन्हा वर्णन केलं. 1940 मध्ये कॅलिफोर्नियाच्या कृषी खात्यातले हार्टफर्ड कीफर यांनी त्याला नवी जात समजून तिसऱ्यांदा नाव दिलं, ‘डिस्ट्रक्टर’. तिथल्या टोमॅटोची दशा पाहता ते शोभणारंच होतं. पण शास्त्राच्या नियमानुसार पहिल्या नावाचा मान मोठा, म्हणून आज ‘अ‍ॅक्युलॉप्स लायकोपर्सिसी’ या नावापुढे ट्रायन लिहितात. जुन्या पुस्तकांत मात्र मॅसी सापडतात, आणि विद्यार्थी परीक्षेत गोंधळतात ते इथे.

या कोळ्यावरचा उपाय त्याच्या नावाहून जुना आहे. 1845 मध्ये इंग्लंडातल्या मार्गेट गावी टकर नावाच्या माळ्याला द्राक्षवेलीवर भुरी दिसली. त्याने गंधक वापरून पाहिला आणि पुढे फ्रान्सचे मळे त्याच गंधकाने सावरले. नाशिकच्या बागाईतदाराला गंधकाची ओळख करून द्यायला नकोच. भुरीवर चालणारी ही पिवळी भुकटी टोमॅटोच्या कोळ्यालाही सोसत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आलं. त्याने अळ्या मेल्या. कोळी मेले नाहीत, त्यांना खाणारे किडे मात्र मेले. ठिकठिकाणी कोळी माजले ते या नव्या औषधांच्या जोरावर. आधुनिक म्हणून डोक्यावर घेतलेल्या औषधापेक्षा आजोबांचा गंधक शहाणा निघाला, असं माझं मत आहे.

मित्रकिड्यांचं टोमॅटोवर फारसं चालत नाही, याला झाडच कारणीभूत आहे. बांधणी करताना हात हिरवे-काळे होतात ते खोडावरच्या चिकट लवेमुळे. ती लव झाडाने स्वतःच्या राखणीला उगवलेली, पण कोळ्याला खाणारा मोठा कोळी तिच्यात अडकतो. हा चिमुकला खाली, केसांच्या रानात, निवांत रस शोषत राहतो. उष्ण, कोरडी हवा असली की आठवडाभरात अंड्यातून नवी पिढी तयार.

कीफर यांचं नाव पुढे आमच्या कोकणातही पोचलं, तेही अशाच एका कोळ्यामुळे. मेक्सिकोतल्या गेरेरो प्रांतात सापडलेल्या नारळावरच्या कोळ्याला त्यांनी 1965 मध्ये नाव दिलं. 1998 मध्ये तो केरळात एर्नाकुलम जिल्ह्यात आढळला, आणि किनाऱ्याने वर सरकत आमच्या वाडीत शिरला. कोवळ्या नारळाच्या टोपीखालून फिकट त्रिकोणी डाग निघायचा, मग साल तपकिरी होऊन तडकायची आणि फळ खुजं राहायचं. शेजारचे अण्णा खाऱ्या वाऱ्याला दोष देत राहिले. मी भिंग त्यांच्या हाती दिलं, तर म्हणाले, “बाबल्या, एवढ्याशाने नारळ खाल्ला होय?”

टोमॅटो खालून वाळू लागला तर आधी दहापट-वीसपट दाखवणारं भिंग घ्या, आणि वाळलेल्या भागापेक्षा जरा वरचं, अजून हिरवं असलेलं खोड बघा, कारण वाळलेलं सोडून कोळी वर सरकलेला असतो. गंधक वापरायचा तर पारा 32 अंशांच्या वर असताना नको, आणि तेलाच्या फवाऱ्याबरोबर तर मुळीच नको. पानं भाजतात.