जबलपूर ‘नागपूर प्रांतातले’ कसे?

१२. आजच्या नकाशावर खटकणारा लेखकाचा हा उल्लेख इतिहासाला धरून आहे. गढा-मंडल्याच्या ज्या गोंड राज्यासाठी राणी दुर्गावतीने १५६४ मध्ये मोगल फौजेशी लढताना प्राण दिले, ते १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी घेतले. पुढे नर्मदेकाठचा हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ च्या अखेरीस जबलपूर इंग्रजांच्या हाती पडले. भोसल्यांचा अंमल जेमतेम वीस वर्षांचा. त्यावरून इतके जवळचे नाते कसे जोडावे, हा आक्षेप रास्त आहे. पण या नात्याचा खरा आधार नंतरच्या काळात आहे. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, त्याची राजधानी नागपूर झाली, आणि पुढची ९५ वर्षे जबलपूरचा कारभार तिथूनच चालला. १९३६ मध्ये प्रांताचे उच्च न्यायालयही नागपुरातच स्थापन झाले. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नव्या मध्य प्रदेशासाठी त्याचे आसन जबलपूरला आले.

इथली लोकभाषा हिंदी-बुंदेली, मधे सातपुडा आडवा. मग हा मुलूख मराठी कसा, असेही कोणी विचारील. तसा दावा इथे नाहीच, आणि करूही नये: त्रिपुरीच्या कलचुरींपासून या भूमीला स्वतःचा इतिहास आहे. मात्र भाषावार सीमा आखल्या गेल्या म्हणून शतकभराचा सामायिक कारभार पुसला जात नाही. विदर्भाचा इतिहास लिहिताना जबलपूर ज्यात येते ते महाकोशल वगळले, तर दोन्ही प्रदेशांची ओळख अपुरी राहते. — संपादक