शंख
शंख : समुद्री गोगलगायीच्या कवचाचे, फुंकून वाजवायचे प्राचीन मंगलवाद्य (पहा : सुषिर वाद्ये). भारतीय शंख मुख्यतः मन्नारच्या आखातात मिळतो. कवचाचे टोक कापून तेथे ओठांच्या कंपनाने फुंकले, की आतील सर्पिल पोकळीतली हवा नादते. बोटांसाठी छिद्रे नसल्याने स्वर एक-दोनच निघतात. नाद मात्र दूरवर पोहोचतो. महाभारतात कृष्णाचा पांचजन्य व अर्जुनाचा देवदत्त ही रणवाद्ये आहेत (पहा : भगवद्‌गीता). महाराष्ट्रातील षोडशोपचार पूजेच्या आरंभी कलश, शंख व घंटा यांचे पूजन होते. हा पूजेचा शंख जलपात्र असून वाजवायचा शंख वेगळा असतो. दोहोंची गल्लत करू नये. शिवपूजेत शंखोदक सामान्यतः वर्ज्य आहे. बंगालमध्ये सायंपूजेत व विवाहात स्त्रिया शंख फुंकतात. तिबेटी बौद्ध मठांत धातूने मढविलेला शंख भिक्षूंना प्रार्थनेस बोलावतो.