उष्णोदक आणि मासा

ठाणें जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यांत, वज्रेश्वरीजवळ, तानसा नदीच्या तीरीं अकलोली हें गांव आहे. वज्रेश्वरीच्या मंदिराशीं १७३९ सालीं वसई जिंकणाऱ्या चिमाजी अप्पांचें नांव निगडित आहे. अकलोलीची ख्याति मात्र तिच्या उष्णोदकाच्या कुंडांची. पावसाचें पाणी काळ्या कातळाच्या भेगांतून खोल उतरतें, भूगर्भांत तापतें आणि पुनः वर येतें. कुंडांतील ऊन सोसेना, तर यात्रेकरू पाय मागें घेतो. माशाला तशी मुभा थोडीच. बहुतेक माशांचें शरीर भोंवतालच्या पाण्याइतकेंच उष्ण असतें. नदी तापली कीं त्यांचें काळीजहि तापतें. मग मासा तगतो कसा?

या प्रश्नाचें उत्तर प्रथम माशांत नव्हे, तर माशींत सांपडलें. इटलींतील फेरुच्चो रितोसा हे फळमाशीच्या अळ्यांचा अभ्यास करीत असतां एका सहकाऱ्याच्या हातून उबवण-पेटीचें तापमान वाढलें. अळ्यांच्या गुणसूत्रांवर नव्याच ठिकाणीं फुगवटे दिसूं लागले. उष्णतेनें निद्रिस्त जनुकें जागीं झालीं होतीं. हा शोध १९६२ सालीं प्रसिद्ध झाला. त्या जनुकांपासून कोणतीं प्रथिनें घडतात, तें १९७४ सालीं आल्फ्रेड तिस्सिएर व त्यांचे सहकारी यांनीं दाखविलें. पुढें हीच व्यवस्था जंतूंपासून मनुष्यापर्यंत, आणि माशांतहि, आढळली.

तिची रीति अशी. उष्णतेनें पेशींतील प्रथिनांच्या घड्या विसकटतात. एरव्हीं एका नियामक प्रथिनाला अडवून धरणारीं रक्षक प्रथिनें त्या घड्या सांवरण्यास धांवतात. मोकळा झालेला नियामक केंद्रकांत शिरून जनुकांना चेतवितो, आणि रक्षकांची नवी फौज उभी राहते.

मुंबईच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेंतील संशोधकांनीं २००४ सालीं रोहू, कटला व मृगळ यांच्या पिल्लांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. पिल्लें जितक्या उष्ण पाण्यांत रुळविलीं, तितकी त्यांची सहनशक्ति वाढली. परंतु त्यांना प्राणवायूहि अधिक लागला. उष्ण पाण्यांत तर प्राणवायु कमीच विरघळतो. ओडिशांत उष्ण झऱ्याच्या ओघळांत राहणाऱ्या मरळ माशांच्या यकृतांत रक्षक प्रथिनांचीं कांहीं जनुकें अधिक कार्यरत असल्याचें २०१४ सालीं दिसून आलें.

याच्या उलट दाखला दक्षिण ध्रुवाकडील. तेथील एका माशांत उष्णतेनें हीं रक्षक प्रथिनें वाढतच नाहींत, असें २००० सालीं आढळलें. लक्षावधि वर्षें एकसारख्या थंडींत काढलेल्या त्या कुळानें ही शक्ति गमावली आहे. तानसेसारख्या नद्यांतील माशांनीं ऋतूंचे फेरे सोसून ती राखली. पण तिला किंमत आहे आणि मर्यादाहि आहे. वैशाखांत आटत चाललेल्या डोहांत पाणी तापतें, प्राणवायु घटतो आणि त्याच वेळीं माशाची त्याची गरज वाढते. त्या कोंडींत नुसतीं जनुकें माशाला तारूं शकत नाहींत. डोहांत पाणी आणि कांठावर सावली राहिली, तरच तीं कामीं येतात.