लक्षद्वीपला जहाजाने जाताय? आधी हे वाचा

देवळाली कॅम्पातून लक्षद्वीपची अर्धी वाट सोपी आहे. नाशिक रोडला मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस धरली की थेट एर्नाकुलम; कोची बंदर तिथून जवळच. पुढे बेटानुसार जहाजाचे साधारण १४ ते १८ तास. तयारी लागते ती या अर्ध्या वाटेची.

परवाना : बेटांवर प्रवेश-परवाना लागतो, त्यासाठी पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र आधी काढा. जहाजाची वेळ बदलू शकते. कोचीत एक दिवस हाताशी ठेवा. पावसाळ्यात बेत नकोच.

उतरताना : अनेक ठिकाणी जहाज किनाऱ्यापासून दूर थांबते आणि हलत्या छोट्या बोटीत उतरावे लागते. गुडघे दुखणाऱ्या अम्मी-अब्बांना हे आधीच सांगा. सामान पाठीवर, दोन्ही हात मोकळे, पायात पट्ट्याचे सँडल. बुरखा पायात येणार नाही इतका आखूड हवा.

औषधे : उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून जहाज सुटण्यापूर्वी घ्या. बीपी-शुगरच्या गोळ्या चार दिवस जास्तीच्या आणि हातातल्या पिशवीतच ठेवा.

नमाज : सफरीत जोहर, असर, इशाचे चार फर्ज दोनच. उभे राहून चक्कर येत असेल तर बसून पढा. जहाज वळते, म्हणून किब्ला दर नमाजेला खलाशांना विचारा.

बेटांवर वस्ती बहुतेक मुस्लिमांचीच. कवरत्तीची उजरा मशीद जरूर पाहा. पण आमचा आग्रह एकच : घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाला झेपेल का, हे पाहूनच तिकीट काढा.