अंदाजपंचे नानकटाई

मराठी स्वयंपाकघरात एक माप असं आहे, की जे कुठल्याही वजनमापे निरीक्षकाला आजवर तपासता आलेलं नाही. त्या मापाचं नाव 'अंदाज'. मीठ किती? अंदाजे. पाणी? बेताचं. कणकेत मोहन? मूठ वळेल इतपत. शिकणाऱ्याने फारच खोदून विचारलं तर चिंच लिंबाएवढी, गूळ सुपारीएवढा आणि भाताचं पाणी बोटाच्या दीड पेरापर्यंत. आता लिंबू कागदी की ईडलिंबू, आणि बोट सूनबाईंचं की मामंजींचं, असं विचारणारा माणूस स्वयंपाक शिकायच्या लायकीचा नाही, असं समजण्याची आपल्याकडे पद्धत आहे.

आम्ही पडलो बँकवाले. आमच्याकडे 'अंदाजे' हा शब्द नुसता उच्चारला तरी चौकशी लागते. 'आजची कॅश अंदाजे जुळली, साहेब' असं सांगून सहाच्या गाडीने घरी गेलेला कॅशियर माझ्या तरी पाहण्यात नाही. त्यामुळे स्वयंपाकातला हा कारभार जगात चालतो तरी कसा, असं कुतूहल मला फार दिवसांपासून होतं. ते शमवायला चार पुस्तकं चाळली, तेव्हा एक दिलासा मिळाला. हा घोळ एकट्या मराठी माणसाचा नाही. साहेबाच्या देशातही हेच चालू होतं.

एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी आणि अमेरिकन पाककृती उघडून बघा. 'अंड्याएवढं लोणी घ्या', 'अक्रोडाएवढं लोणी घ्या'. आपल्या सुपारीचीच ही परदेशी भावंडं! केक भाजायच्या भट्टीची उष्णता मोजायची तर आत हात घालून आकडे म्हणायचे. किती आकडे होईपर्यंत हात ठेवता येतो, त्यावरून भट्टी कडक की मवाळ ते ठरवायचं. म्हणजे ज्या बाईची कातडी जाड तिचा केक करपणार आणि नाजूक बाईचा कच्चा राहणार. तरीही केक होत होते, कारण शिकणारी मुलगी आईच्या शेजारी उभी राहून वर्षानुवर्षं ते बघत होती. अंदाज हे माप पुस्तकात राहत नाही, हातात राहतं. एका हातातून दुसऱ्या हातात जातं, आणि मध्ये हात सुटला की संपतं.

आणि हात सुटायला लागले होते. माणसं गाव सोडून शहरात येत होती. नव्या बिऱ्हाडात सासू नाही, आई नाही, आणि नवरा साडेपाचला घरी येतो तो भुकेलेला. अशा एकट्या पडलेल्या नवख्या बाईला कोणी आकडे सांगेल का आकडे, असा तो प्रश्न होता.

पहिलं धड उत्तर दिलं एलायझा ॲक्टन या इंग्रज बाईंनी, १८४५ साली. बाई मुळात कवयित्री. प्रकाशकाने 'कविता नको, पाकपुस्तक आणा' असं सुचवलं म्हणे. (प्रकाशकांचं कवितेबद्दलचं मत किती जुनं आहे पाहा!) त्यांनी प्रत्येक कृतीच्या शेवटी जिनसांची मापं आणि वेळ वेगळी काढून लिहिली. १८६१ साली इझाबेला बीटन यांनी जिनसांची यादी कृतीच्या डोक्यावर नेली आणि वर खर्च किती येईल, किती माणसांना पुरेल, हेही टाकलं. एका बँकवाल्याला यापेक्षा जास्त काय पाहिजे? बाईंचं वय तेव्हा पंचवीस. पुष्कळशा कृती त्यांनी दुसऱ्यांच्या पुस्तकांतून उचलल्या होत्या, त्यांत ॲक्टनबाईंच्याही होत्या. मोठी गाजरं पावणेदोन ते सव्वादोन तास शिजवा, असा त्यांचा सल्ला आहे. तेवढ्या वेळात आपल्याकडे गाजरहलवा होऊन, खाऊन, भांडी घासून होतात. पण आकडा दिला, हे महत्त्वाचं. आकडा चुकीचा असेल तर दुरुस्त तरी करता येतो. 'बेताचं' कसं दुरुस्त करणार?

याच सुमारास बर्मिंगहॅममध्ये आल्फ्रेड बर्ड नावाचे एक औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीला अंडी चालत नव्हती आणि यीस्टही चालत नव्हतं. आपल्याकडे बायकोला एखादी गोष्ट चालत नसेल तर नवरा ती बाहेर जाऊन खाऊन येतो. बर्डसाहेबांनी बिनअंड्याची कस्टर्ड पावडर तयार केली, १८३७ साली. आणि १८४३ साली बेकिंग पावडर. खायचा सोडा, एक कोरडं आम्ल आणि दोघांची आधीच गाठ पडू नये म्हणून पिठूळ पूड. पाणी लागलं की सोडा आणि आम्ल भांडतात, त्यातून वायू निघतो आणि पीठ फुगतं. यीस्टची तासन् तास मनधरणी करायची गरज उरली नाही. पण या जादूत एक मेख होती. चमचा जरा जास्त पडला की चव बिघडलीच. कढीत मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं. केक एकदा भट्टीत गेला की वरून काही घालता येत नाही आणि खालून काही काढता येत नाही. म्हणजे मोजणं आलंच.

हे मोजणं पुरतं मार्गी लावलं ते बॉस्टनच्या फॅनी फार्मर यांनी. सोळाव्या वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका आला, कॉलेजचं स्वप्न तिथेच थांबलं, पायात लंगडेपणा राहिला. एका घरी कामाला असताना तिथल्या लहान मुलीला त्या स्वयंपाक शिकवत होत्या. 'अंड्याएवढं लोणी' ऐकून त्या पोरीने विचारलं, म्हणजे नक्की किती? आणि तिथून सपाट मापाची कल्पना निघाली, असं सांगतात. गोष्ट शंभर टक्के खरी असो वा नसो, पण असा प्रश्न लहान मूलच विचारणार याबद्दल मला शंका नाही. मोठ्यांना अज्ञान झाकायची सवय झालेली असते.

फॅनीबाई तिशी उलटल्यावर बॉस्टन कुकिंग स्कूलमध्ये शिकल्या, पुढे तिथल्याच मुख्य झाल्या, आणि १८९६ साली त्यांचं पाकपुस्तक निघालं. त्यातला महामंत्र एकच. कप आणि चमचा भरायचा आणि सुरीच्या पाठीने वरची शीग उतरवायची. शिगोशीग नाही, दाबून नाही. सपाट! 'लिटल, ब्राउन' या प्रकाशकांचा या पुस्तकावर इतका विश्वास होता, की पहिल्या तीन हजार प्रतींचा खर्च त्यांनी बाईंनाच करायला लावला. बाईंनी तो केला आणि हक्क मात्र स्वतःकडे ठेवले. पुस्तक पुढे लाखोंनी खपलं. ठेव योग्य जागी ठेवणं म्हणजे काय, हे समजावून सांगायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

आता आपल्याकडे या. पाकशास्त्राची पुस्तकं आपल्याकडेही जुनी आहेत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ सालचं. (हे सूप म्हणजे हॉटेलात जेवणाआधी येतं ते नव्हे, सूपशास्त्र म्हणजे पाकशास्त्रच.) लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' १९१० सालचं, त्यात हजार पाकक्रिया. पण त्या काळात वजन म्हणजे शेर, पावशेर, छटाक, तोळा. सरकारी शेर ऐंशी तोळ्यांचा, पण गाव बदललं की शेर बदले. दशमान वजनं टप्प्याटप्प्याने लागू झाली ती १ ऑक्टोबर १९५८ पासून. एवढं होऊनही नव्या नवरीच्या स्वयंपाकघरात तराजू थोडाच असतो? मग १९७० साली किर्लोस्करांनी कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' काढलं. कमलाबाईंनी तराजू बाजूला ठेवला आणि मापं दिली ती वाटीची आणि चमच्याची. वाटी-चमचा नाही असं मराठी घर कुठलं? पुढे हे पुस्तक रुखवतात गेलं, आणि परदेशी शिकायला जाणाऱ्या पोरांच्या बॅगेतही गेलं. फॅनीबाईंचा कप आणि कमलाबाईंची वाटी या सख्ख्या बहिणी म्हणायला हरकत नाही.

केक-बिस्किटांच्या बाबतीत मात्र आपली अडचण निराळी होती. आपल्या घरात तवा होता, कढई होती, पण भट्टी नव्हती. चारी बाजूंनी उष्णता देणं हे बेकरीवाल्याचं काम. आपला 'पाव'सुद्धा पोर्तुगीजांच्या शब्दावरून आलेला, आणि गोव्यात तो घरोघरी पोचवायचा तो पोदेराने. त्यामुळे दिवाळी आली की आपल्याकडची माणसं तूप-साखर-मैदा घेऊन बेकरीत रांगा लावत आणि नानकटाई भाजून आणत. पुढे वर काच असलेले गोल अल्युमिनियमचे ओव्हन आले, आणि ज्यांच्याकडे तेही नव्हते त्यांनी पातेल्यात वाळू घालून काम भागवलं. म्हणजे या एका प्रांतात आपल्या आज्यांकडेही पिढीजात अंदाज नव्हता. इथे आजी, सून, नातवंडं आणि बँकेतला कारकून, सगळे एकाच इयत्तेत!

आमच्या आईची पाककृतींची वही आहे. आई गेली, वही राहिली. मुलीला एका रविवारी आजीची नानकटाई करायची हुक्की आली, म्हणून ती काढली. त्यात लिहिलं होतं, 'तूप फेसावे. तेवढीच पिठीसाखर. मावेल तितका मैदा. बेताने सोडा. वेलची. बेकरीत देणे.' संपलं.

"बाबा, मावेल तितका म्हणजे किती?" मुलीने विचारलं. वय वर्षं अकरा. बॉस्टनची ती पोर मला आठवली.

मी म्हटलं, मोजूया. एक वाटी घट्ट तूप घेतलं. पातळ करून मोजलं असतं तर हिशेबच बदलला असता. परातीत ते तळहाताने पांढरं होईपर्यंत फेसलं, ते काम सात वर्षांच्या चिरंजीवांकडे. त्यात एक वाटी पिठीसाखर, पाव चमचा सोडा, वेलची. मग मैदा अर्धी अर्धी वाटी, प्रत्येक वाटीची शीग सुरीने उतरवून, आणि दर वेळी कागदावर पेन्सिलची एक रेघ. गोळा हाताला न चिकटता वळायला लागला तेव्हा कन्येने रेघा मोजल्या. चार, आणि वर थोडं. सव्वादोन वाट्या. आजीचं 'मावेल तितका' सापडलं होतं! जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून, वर स्टँड ठेवून, झाकण लावून ती दहा मिनिटं तापवली. गोळे ताटलीत अंतर राखून मांडले, कारण ते पसरतात. ताटली आत ठेवायचं काम तेवढं मोठ्यांचं. मंद आचेवर वीस मिनिटं.

बाहेर काढल्या तेव्हा चिरंजीवांनी बोटाने दाबून 'कच्च्या आहेत' असा निकाल दिला. नवशिक्याची इथेच फसगत होते. नानकटाई गरम असताना मऊच असते, गार झाली की खुसखुशीत होते. दहा मिनिटं हात मागे ठेवणं हा या कृतीतला सगळ्यात अवघड भाग, आणि त्याला कुठल्याच पुस्तकात माप नाही.

नानकटाई उत्तम झाली. पण आईची नव्हती. काहीतरी राहिलं होतं. मावशीला फोन लावला.

"जायफळ घातलंस ना रे?" मावशी म्हणाली.

"वहीत नाहीये, मावशी."

"अरे, ते काय लिहायचं असतं होय? ते घालतातच!"

"किती?"

"अंदाजाने."

बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, दोन वेगळ्या माणसांकडे. आईच्या तिजोरीला एकच होती. मावशीचं वय ऐंशीच्या घरात आहे, हे लक्षात आल्यावर मी एवढंच केलं, की दर रविवारी तिला फोन लावायचा आणि वहीतली एकेक कृती घेऊन 'लिहायचं नसतं' ते सगळं विचारायचं. मावशी वैतागते. पण दुसऱ्या दिवशी स्वतःच फोन करून विसरलेलं काहीतरी सांगते.

अंदाज वाईट, असं माझं म्हणणं नाही. मैदा प्रत्येक पोत्याचा निराळा, हवा रोजची निराळी. दहादा मोजून केल्यावर मुलीच्या हातातही तिचा अंदाज येईल आणि मग ती वाटीकडे बघणारही नाही. पण तो अंदाज यायला पहिल्यांदा करून बघावं लागतं, आणि आई शेजारी नसताना पहिल्यांदा करणाऱ्याला आकड्याचाच हात धरावा लागतो.

पुढच्या रविवारी जायफळ घालून पुन्हा केल्या. या वेळी बरोबर साधलं. वहीत आईच्या अक्षराखाली आता मुलीचं अक्षर आहे. 'मैदा सव्वादोन वाट्या, सपाट. जायफळ बारीक किसणीवर आठ वेळा.' खाली तारीख आणि सही. शेजारी साक्षीदार म्हणून चिरंजीवांचा अंगठा उठला आहे, साजूक तुपाचा.